औषध नव्हे, विष : फवारणी आणि सुरक्षित मर्यादेचा आकडा

आपल्या भागात कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणणारा माणूस शोधूनही सापडत नाही. सगळे 'औषध'च म्हणतात. 'पऱ्हाटीवर औषध मारायचं आहे', 'दुकानातून औषध आणलं', 'औषध कडक आहे'. शब्द साधा आहे, पण त्यामुळे एक गोष्ट मनातून निघून जाते. ज्या वस्तूला आपण औषध म्हणतो ती जीव घेण्यासाठीच बनवलेली असते. अळी आणि माणूस यांच्या मज्जासंस्थेत आपल्याला वाटतो तेवढा फरक नाही.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्याने याची फार मोठी किंमत मोजली. त्या वर्षीच्या खरिपात, मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कित्येक शे लोकांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. कुणाची दृष्टी अंधुक झालेली, कुणी व्हेंटिलेटरवर. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली गेली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रणही होते.

आता आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी. औद्योगिक सुरक्षितता हा विषय आपण शिकतो. कोणत्या रसायनाची हवेतील मर्यादा किती, हे पाठ करतो आणि पेपरात लिहितो. हा लेख लिहिताना माझ्यासमोर प्रश्न असा होता की, जगातल्या तज्ज्ञांनी या विषांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असताना त्या आपल्या शेतातल्या माणसाला का वाचवू शकल्या नाहीत? याचे उत्तर शोधायचे तर आधी तो आकडा काय सांगतो ते नीट बघावे लागेल.

मर्यादा म्हणजे नेमके काय?

कारखान्यात काम करणाऱ्या माणसाने दिवसाला आठ तास, आठवड्याला चाळीस तास, अशी वर्षानुवर्षे नोकरी केली तरी बहुतेकांना अपाय होऊ नये, अशी हवेतील रसायनाची जी सरासरी पातळी, तिला उंबरठा मर्यादा म्हणतात. आपल्या पुस्तकातली टीएलव्ही ती हीच. मोजमाप एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम असे असते.

मोनोक्रोटोफॉसचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची एसीजीआयएच ही संस्था त्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर देते. त्याच देशातील एनआयओएसएच ही सरकारी संस्था ०.२५ मिलिग्रॅम सांगते. एकाच विषाचे दोन आकडे, तेही पाचपट फरकाने! यावरून एक धडा घ्यावा. ही मर्यादा म्हणजे 'इकडे सुरक्षित, तिकडे मृत्यू' अशी आखलेली रेघ नव्हे. उपलब्ध पुराव्यावरून तज्ज्ञांनी काढलेला तो अंदाज आहे. शिवाय तो निरोगी, प्रौढ कामगार गृहीत धरून काढलेला आहे. गरोदर बाई, शाळकरी पोर किंवा आधीच आजारी असलेला माणूस त्यात धरलेला नाही.

आपल्या देशातही भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन अशा मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. भोपाळचा तो कारखानाही कीटकनाशकाचाच होता, हे विसरू नये. पण कायद्याचे नावच कारखाने अधिनियम. कारखान्याला भिंत असते, पाळी असते, हवा मोजणारे यंत्र बसवता येते. शेताला यातले काहीच नाही. मजूर सकाळी पंप पाठीवर घेतो तो रान संपेपर्यंत. आठ तासांची सरासरी कोण काढणार आणि कशावर?

आकड्यापुढचा छोटा शेरा

मर्यादांच्या यादीत काही रसायनांच्या आकड्यापुढे 'स्किन' असा एक शब्दाचा शेरा असतो. परीक्षेसाठी वाचताना आपण तो सोडून देतो. माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच आहे. त्याचा अर्थ असा की हे रसायन कातडीतून सरळ शरीरात शिरते, म्हणून हवा कितीही स्वच्छ ठेवली तरी केवळ हवेचा आकडा पाळून माणूस वाचेल असे समजू नका. मोनोक्रोटोफॉसपुढे हा शेरा आहे. पॅराथिऑनपुढेही आहे.

एक सोपे गणित करून बघा. आठ तासांच्या पाळीत कामगार साधारण १० घनमीटर हवा श्वासातून घेतो असे धरतात. मर्यादा ०.०५ धरली तर दिवसभरात शरीरात जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम विष जाईल. आता ३६ टक्क्यांचे मोनोक्रोटोफॉस घ्या. एका मिलिलिटरमध्ये ढोबळमानाने ३६० मिलिग्रॅम विष. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात, म्हणजे एका थेंबात १८ मिलिग्रॅम. झाकण उघडताना बोटावर सांडलेल्या एका थेंबात छत्तीस दिवसांच्या मर्यादेइतके विष असते! त्यातले समजा दहावा भागच कातडीतून आत गेला, तरी दिवसाच्या मर्यादेच्या साडेतीनपट झाले.

बरे, हा झाला नुसता बाटलीतला थेंब. पंधरा लिटरच्या पंपात २५ मिलिलिटर टाकले असे धरू. द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ०.६ मिलिग्रॅम विष झाले. पंपाचा वायसर झिजलेला असेल आणि दिवसभरात १०० मिलिलिटर पाणी पाठीवरून कमरेपर्यंत झिरपले, तर अंगाला ६० मिलिग्रॅम लागले. पुन्हा दहावा भाग धरला तर ६ मिलिग्रॅम, म्हणजे बारा दिवसांची मर्यादा एका दिवसात. आणि 'जरासा गळतो, पण चालतो' असा पंप कोणत्या गावात नाही?

त्यात कातडी सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑनवर अमेरिकेत झालेले आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन या विषयात नेहमी सांगितले जाते. माणसाच्या कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२ टक्के, डोक्याच्या कातडीतून ३२ टक्के, कपाळातून ३६ टक्के आणि काखेतून ६४ टक्के विष आत गेले. जांघेतल्या नाजूक भागातून तर जवळजवळ सगळेच. म्हणजे वर मी धरलेला दहावा भाग हा फक्त हातासाठी बरोबर. गळक्या पंपाचे पाणी ओघळत कुठे जाते याचा विचार करा. मग नुसत्या हातमोज्यांवर भागत नाही हे कळेल.

शरीरात काय घडते?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषे. आपल्या नसांकडून स्नायूला किंवा ग्रंथीला संदेश जातो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. संदेश पोचला की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते रसायन लगेच तोडते आणि स्विच बंद होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमलाच चिकटून बसते. रिले चिकटला तर मोटर कशी बंदच होत नाही, तसे इथे होते. प्रत्येक ग्रंथी, प्रत्येक स्नायू चालूच राहतो.

म्हणून लक्षणे अशी असतात : दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, मळमळ, उलटी, पोटात मुरडा, जुलाब, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, छातीत घरघर, स्नायू फडफडणे. शेवटी स्नायू थकतात, श्वासाचे स्नायूही थकतात, फुफ्फुसात पाणी साचते. बहुतेक मृत्यू श्वास बंद पडूनच होतात. गोम अशी की घाम, डोकेदुखी, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे ऑक्टोबरच्या उन्हात काम करणाऱ्या कुणालाही होतात. 'ऊन लागलं असेल' म्हणून माणूस धुऱ्यावर जरा बसतो, पाणी पितो आणि पुन्हा पंप उचलतो. तिथेच घात होतो.

काल काही झाले नाही म्हणून...

'मी तर दहा वर्षांपासून मारतो, मला काही होत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. यात विज्ञान काय सांगते ते बघा. लाल रक्तपेशींतले हे एन्झाइम एकदा कायमचे निकामी झाले की नव्या पेशी तयार होतील तसेच ते भरून निघते. वेग दिवसाला साधारण एक टक्का. म्हणजे आज फवारणीत २० टक्के घट झाली तर ती भरायला जवळपास तीन आठवडे लागतात. परवा पुन्हा फवारणी, आठवड्याने शेजाऱ्याच्या वावरात मजुरीने फवारणी. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वेळी काहीच जाणवत नाही, कारण शरीराकडे शिल्लक असते. शिल्लक संपली की मग थोड्याशा विषानेही माणूस कोसळतो. स्वतःच्या दोन एकरांत फवारणारा शेतकरी आणि हंगामभर रोज दुसऱ्याच्या वावरात फवारणारा मजूर यांच्या धोक्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यावर उपाय म्हणून एक वेगळीच मर्यादा अस्तित्वात आहे, हवेत नव्हे तर रक्तात मोजायची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा नियम असा आहे : हंगामापूर्वी कामगाराच्या रक्तातील एन्झाइमची पातळी तपासायची. फवारणीच्या काळात पुन्हा तपासत राहायचे. लाल पेशींतली पातळी त्याच्या स्वतःच्या मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आली की त्याला फवारणीच्या कामावरून बाजूला करायचे. ८० टक्क्यांपर्यंत भरून आल्याशिवाय परत घ्यायचे नाही. विष श्वासातून गेले की कातडीतून, याच्याशी या आकड्याला देणेघेणे नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्याला खरा उपयोगी आकडा हाच. फवारणीची मजुरी करणाऱ्यांची पोळ्याआधी एक आणि दसऱ्याच्या सुमारास एक अशी रक्ततपासणी झाली, तर कोसळण्याआधीच माणूस ओळखता येईल.

डब्यावरचा रंग

प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मारण्यास लागणारी मात्रा म्हणजे एलडी-५०. आकडा जितका लहान तितके विष जहाल. उंदरांच्या पोटात गेल्यास मोनोक्रोटोफॉसची ही मात्रा किलोमागे साधारण १४ मिलिग्रॅम, प्रोफेनोफॉसची ३५८. आपल्याकडे १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर चौकोनी खूण असते आणि तिच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. एलडी-५० जर १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे कळावे म्हणून रंग दिले. मात्र हिरवा म्हणजे पिण्यासारखा असा अर्थ कुणी घेऊ नये. शिवाय हे रंग एकेका विषाचे आहेत. तीन-तीन औषधे एकाच पंपात कालवली की त्या मिश्रणाला कोणताच रंग लागू होत नाही.

लाल त्रिकोणाचे मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून बंदी होती. तरी जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात ते तेलातून गेले आणि २३ मुले दगावली. यवतमाळच्या घटनेनंतर विशेष तपास पथकानेही त्यावर बंदीची शिफारस केली. शेवटी २०२३ साली केंद्र सरकारने ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसच्या बंदीचा आदेश काढला. घरी, गोठ्यात, माळ्यावर जुनी बाटली पडली असेल तर ती वापरू नका. पण एक नाव बंद झाल्याने गट संपत नाही. त्याच तऱ्हेने काम करणारी दुसरी विषे दुकानात आहेतच.

२०१७ लाच एवढे का?

त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या. कपाशी बेसुमार वाढली, बऱ्याच ठिकाणी माणसाच्या छातीच्या वर गेली. किडींचा जोर होता, म्हणून फवारण्या वाढल्या आणि मिश्रणेही वाढली. पीक कमरेइतके असले की नोझल खाली धरता येते. पीक छातीच्या वर गेले की नोझल तोंडासमोर येते आणि माणूस स्वतःच्याच फवाऱ्यातून चालतो. त्यात जोराच्या दाबाचे पंप आले, जे फार बारीक तुषार काढतात. दमट हवेत अंगभर कपडे सहन होत नाहीत.

बारीक तुषारांचे गणित स्टोक्सच्या नियमाने आपणच करू शकतो. बाष्पीभवन सोडून दिले तर १०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे ०.३ मीटर वेगाने खाली येतो, २० मायक्रॉनचा फक्त ०.०१२ मीटर. दीड मीटर उंचीवरून पहिला पाच सेकंदांत जमिनीवर, दुसरा दोन मिनिटे हवेतच. वारा सेकंदाला दोन मीटर असेल तर पहिला १० मीटर जाईल, दुसरा २५० मीटर. म्हणजे शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया आणि धुऱ्यावर झोपवलेले लेकरू हेसुद्धा फवारणीत सापडले.

आपण काय करायचे?

आपल्या वसतिगृहातली निम्मीअधिक मुले शेतकऱ्यांच्या घरची. पोळा, गणपती, दसरा, दिवाळी या सुट्ट्यांत आपण घरी जातो तोच फवारणीचा काळ. घरच्यांना भाषण देऊन उपयोग नाही, पण पुढच्या गोष्टी आपण स्वतः करू शकतो.

१. फवारणीच्या आदल्या दिवशी पंपात साधे पाणी भरून पंधरा मिनिटे चालवा. कुठे गळते ते बघा. वायसर, नळीची क्लिप, झाकणाचे रबर बदला. खर्च थोडा आहे आणि काम आपल्या हातचे आहे.

२. विष मोजताना व कालवताना रबरी हातमोजे, चष्मा आणि पुढून प्लॅस्टिकचा ॲप्रन हवाच. सर्वांत मोठा धोका याच पाच मिनिटांत असतो. हाताने ढवळू नये. पाणी आणून देणाऱ्या घरच्या बाईनेही लांब उभे राहावे.

३. वारा पाठीकडून किंवा बाजूने घ्यावा, समोरून कधीच नाही. फवारलेल्या ओळीतून पुढे चालू नये. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, जुना ब्रश वापरावा.

४. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. ओला झाला तर उलट विष नाकाशी धरून ठेवतो. कपडे भिजले की तिथेच काम थांबवून साबणाने अंग धुवावे. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नयेत. धुणाऱ्या आईच्या हातालाही तेच विष लागते.

५. सलग दिवस एकाच माणसाने फवारू नये. पोराबाळांना पंपाजवळ येऊ देऊ नये.

६. कुणाला घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणे सुरू झाले तर ऊन समजून थांबू नका. वावरातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, डोळे पंधरा मिनिटे पाण्याने धुवा. हे करताना स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा. दूध, तूप, मिठाचे पाणी काही पाजू नका, उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात सोबत न्या.

वेळेचे महत्त्व इथे अक्षरशः तासांत आहे. मोनोक्रोटोफॉस ज्या डायमिथाइल गटात मोडते त्या गटात विषाने बांधलेल्या एन्झाइमपैकी निम्मे साधारण पावणेचार तासांत कायमचे बाद होते. त्यानंतर प्रालिडॉक्झिमसारख्या उताऱ्याचा फारसा उपयोग उरत नाही. ॲट्रोपिनही जितके लवकर तितके बरे. म्हणून आधी जवळच्या दवाखान्यात न्या, तिथून डॉक्टर सांगतील तसे पुढे यवतमाळला.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आवर्जून सांगा. रोगी उठून बसला, बोलायला लागला की 'आता बरा आहे, घरी नेतो' अशी घाई होते. पण एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान उचलता न येणे, हातपाय ढिले पडणे आणि श्वास मंदावणे असा दुसरा झटका येऊ शकतो. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ साली त्याचे वर्णन केले. डॉक्टरांनी सोडल्याशिवाय रोग्याला हलवू नका.

शेवटी आपल्या शाखांबद्दल दोन शब्द. दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात. न गळणारा स्वस्त व्हॉल्व्ह, हात न लावता बाटलीतून मात्रा मोजून पंपात सोडणारी सोय, उंच पिकासाठी नोझल अंगापासून दूर ठेवणारी लांब नळी, पाठीवर न घेता ओढायचा पंप, हे सगळे यंत्र शाखेला जमण्यासारखे आहे. कोणत्या मजुराने हंगामात किती दिवस फवारले याची मोबाईलवर नोंद ठेवून धोक्याची सूचना देणारा प्रोग्राम संगणकवाल्यांना अवघड नाही. विषयाच्या शोधात आपण पुण्या-मुंबईकडे बघतो. पुसदच्या चारही दिशांना कपाशी उभी आहे.

हवेतला मर्यादेचा आकडा शेतात कुणी मोजणार नाही. तोवर आपल्यासाठी मर्यादा एकच धरायची : अंगाला थेंबही लागता कामा नये. या सुट्टीत घरी गेलात की आधी पंपाचा वायसर बघा.